प्रागमध्ये दसरा: चार चिठ्ठ्या आणि ऐंशी युरो

कृष्णाकाठची
१५ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

मी मिरजेची. गेलं वर्षभर ड्रेस्डेनमध्ये मास्टर्स करतेय. काल हिवाळी सेमिस्टरची लेक्चर्स सुरू झाली. त्याआधीचा शेवटचा शनिवार-रविवार आम्ही चौघांनी प्रागमध्ये काढला: मी, चिपळूणची मैत्रीण, एक नाशिककर आणि एक लातूरकर. शनिवारी दसरा होता.

प्रागबद्दल लिहायचंच आहे, पण आधी पैशांचं लिहिते. धागा काढावासा वाटला तो त्यामुळेच.

इथे शिकायला येताना ब्लॉक्ड अकाउंट काढावं लागतं, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं बँक खातं. त्यातून महिन्याला ठरलेली रक्कम सुटते. आम्ही आलो तेव्हा ती ९३४ युरो होती, सप्टेंबर २०२४ पासून नवीन येणाऱ्यांसाठी ९९२ झाली. खोलीभाडं, आरोग्य विमा, फोन, किराणा एवढं गेलं की हातात काय राहतं ते प्रत्येकाचं वेगळं. कुणाला घरून वरचे पैसे येतात, तर कुणी इथे रात्रपाळी करून घरी कर्जाच्या व्याजाचे पैसे पाठवतं. बाहेरून मात्र सगळे सारखेच दिसतात. तेच जॅकेट, तीच सॅक.

वसंतात आम्ही बर्लिनला गेलो होतो. तिथे आमच्यातला एक जण दोन दिवस "मला भूक नाही" म्हणत होता. आम्ही खायला बसलो की तो बाहेर फोटो काढत उभा. परतीच्या गाडीत त्याच्या सॅकमधून ब्रेडची रिकामी पिशवी बाहेर पडली तेव्हा आमच्या लक्षात आलं. कुणी काही बोललं नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून या वेळी चिपळूणच्या मैत्रिणीने एक मार्ग काढला. एकाच वहीच्या पानाच्या चार चिठ्ठ्या केल्या, पेनही एकच. दोन दिवसांसाठी मनाला न टोचता किती खर्च करू शकतो, तेवढा फक्त आकडा लिहायचा. नाव नाही, अक्षर नाही. उघडल्या तर १५०, १२०, १०० आणि ८० निघाले. सगळ्यांत लहान आकडा तोच सहलीचा आकडा, हे आधीच ठरलं होतं. चिठ्ठ्या फाडून टाकल्या. ८० कुणी लिहिले होते ते मला आजही माहीत नाही. बर्लिनचा तोच मित्र असेल किंवा दुसरंच कुणी. मी विचारणार नाही.

आता प्राग.

शुक्रवारी संध्याकाळी ड्रेस्डेनहून बसने निघालो, दोन तासांत फ्लोरेंत्स स्थानकावर. आम्ही म्हटलं, सीमोल्लंघन आदल्या रात्रीच झालं. राहायला झिझकोव्ह भागातलं हॉस्टेल घेतलं होतं. आठ खाटांची खोली, स्वयंपाकघर सामाईक. हॉस्टेल शोधताना स्वयंपाकघर आहे का, एवढी एकच अट मी धरून बसले होते आणि तिनेच आमचं बजेट वाचवलं.

शनिवारी सकाळी २४ तासांचं तिकीट घेतलं, १२० कोरुना. एक युरो म्हणजे साधारण २५ कोरुना. हे तिकीट पहिल्यांदा चढल्यावर पिवळ्या मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं, नुसतं खिशात असून चालत नाही. २२ नंबरची ट्राम थेट किल्ल्याकडे चढते. किल्ल्याच्या आत राजवाडा वगैरे बघायला तिकीट आहे, पण अंगणांत फिरायला काही लागत नाही आणि सेंट व्हाइटसच्या कॅथेड्रलचा पुढचा भागही फुकट बघता येतो. त्या कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि पुरं झालं १९२९ मध्ये. आत पाऊल टाकताच चौघेही गप्प झालो. रंगीत काचांमधून पडलेला उजेड फरशीवर हळूहळू सरकत होता आणि नाशिककर तो सरकताना बघत तिथेच उभा राहिला. त्याला हलवायला पंधरा मिनिटं लागली. हलवायची घाईही नव्हती.

तिथून नेरुदोवा रस्त्याने खाली उतरलो. इथल्या जुन्या घरांच्या दारांवर अजून खुणा आहेत: दोन सूर्य, तीन व्हायोलिनं. घरांना नंबर नव्हते तेव्हा पत्ता म्हणून याच खुणा सांगत. खाली वालेन्श्टाइन बागेत पांढरे मोर आहेत. तीही फुकट, पण फक्त एप्रिल ते ऑक्टोबर उघडी.

जेवण वजनावर. ‘बिआस’ नावाचे शाकाहारी ढाबे आहेत, तिथे ताट स्वतः वाढून घ्यायचं आणि तराजूवर ठेवायचं. वरण, भात, भाजी मिळून १६० कोरुना झाले. सणाच्या दिवशी वरणभात मिळाला.

दुपारी पेत्रीनची टेकडी. वर जाणारी केबलची गाडी सप्टेंबर २०२४ पासून दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून चढून गेलो. वर १८९१ चा मनोरा आहे, पॅरिसच्या मनोऱ्यावरून सुचलेला. त्याचं तिकीट काढलं नाही, उतारावरून शहर तसंही पूर्ण दिसतं. तिथे लिंडनची झाडं पिवळीधमक झाली होती. चेक लोकांचा हा राष्ट्रीय वृक्ष, आणि पान हृदयाच्या आकाराचं. लातूरकराने खालचं एक पान उचललं, पुसलं आणि माझ्यापुढे धरून म्हणाला, "सोनं घे, सोन्यासारखी राहा." मग सगळ्यांनीच पानं गोळा केली. आमच्यात नाशिककर वयाने मोठा, त्याच्या पाया पडलो. घरी फोन लावला तेव्हा मिरजेत साडेपाच वाजले होते आणि बाबा सोनं वाटायला निघाले होते. आई स्क्रीनजवळ डोळे नेऊन विचारत होती, हे कुठलं गं पान?

संध्याकाळी वेन्सेस्लास चौकात गेलो. राष्ट्रीय संग्रहालयासमोर फरसबंदीतून जमीन फोडून वर आल्यासारखा एक ब्राँझचा क्रूस आहे. लक्ष नसेल तर ओलांडून जाल. सोव्हिएत रणगाडे देशात घुसल्यानंतर यान पालाख या विद्यार्थ्याने १६ जानेवारी १९६९ ला इथे स्वतःला पेटवून घेतलं. तीन दिवसांनी तो गेला. वय वीस, म्हणजे आम्हा चौघांहून लहान. पुढे १७ नोव्हेंबर १९८९ ला विद्यार्थ्यांचाच मोर्चा निघाला, नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी मारलं आणि तिथून काही आठवड्यांत कम्युनिस्ट राजवट गेली. हे सगळं वाचलेलं होतं. पण दिवसभर किती कोरुना उरले ते मोजत फिरल्यावर तिथे उभं राहणं वेगळं होतं. आम्ही बराच वेळ तिथल्या पायरीवर बसलो.

रात्री हॉस्टेलवर पिठलं-भात. बेसन घरून आलेलं, कांदे-मिरच्या-तांदूळ तिथल्या दुकानातले.

रविवारी सूर्योदयाआधी चार्ल्स पुलावर. यासाठी पहाटे उठाच. दुपारी त्या पुलावर चालायला जागा नसते, सकाळी सातला आम्ही, दोन फोटोग्राफर आणि नदी. १३५७ मध्ये पायाभरणी झालेला पूल. आमच्या ड्रेस्डेनमधल्या कारोला पुलाचा एक भाग महिन्यापूर्वी, ११ सप्टेंबरच्या पहाटे, नदीत कोसळला. तो होता १९७१ चा. प्रागची व्ल्तावा पुढे ड्रेस्डेनच्या एल्बेला मिळते, म्हणजे प्रागच्या पुलाखालचं पाणी नंतर आमच्या शहरातून जातं. मिरजेच्या माणसाला नदी कुठून येते आणि कुठे जाते याचा विचार केल्याशिवाय पुलावर उभं राहता येत नाही.

नंतर पायी विशेह्राद. जुना गड, वर दफनभूमीत संगीतकार द्वोर्झाक आणि स्मेताना, आणि लेखक चापेक. ‘रोबो’ हा शब्द जगाला ज्याच्या नाटकातून मिळाला तो हाच कारेल चापेक. प्रवेश फुकट, गर्दी अगदी थोडी.

माणशी हिशेब: जातानाची बस १० युरो, दोन रात्रींची खाट २६, शहराचा मुक्काम कर १०० कोरुना, ट्राम-मेट्रो १५०, खाणंपिणं ५७५, परतीची रेल्वे सरहद्दीपर्यंत १७०, शौचालयं आणि लॉकर ४०. सगळे मिळून साधारण ७७ युरो. सरहद्दीपासून ड्रेस्डेनपर्यंत आमचं महिन्याचं डॉइचलांड-टिकीट (जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारा पास) चाललं.

प्रश्न असतील तर विचारा. आणि चिठ्ठ्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं तेही सांगा.

---

वाटाड्या
१५ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:२५

लेख आवडला. लिंडनच्या पानांचं सोनं फार आवडलं. परतीला रेल्वे का घेतली? बस सरळ पडली असती ना? लिही त्याबद्दल.

---

हिशेबनीस
१५ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:१०

लिहिलंय छान. पण चिठ्ठ्यांचं मला पटलं नाही, स्पष्टच सांगतो.

ज्याने १५० लिहिले त्याने कदाचित महिनाभर जास्तीच्या पाळ्या करून ते साठवले असतील. त्याला मनोऱ्यावर चढायचं असेल, रात्री नाटक बघायचं असेल. प्रागला माणूस पुन्हा पुन्हा जात नाही. सगळ्यांत लहान आकडा म्हणजे तिघांनी मन मारायचं आणि चौथ्याने तिघांचं मन मारल्याचं ओझं वाहायचं. मी २००९ मध्ये आखेनला शिकत होतो. आमचा गट सरळ सांगायचा, ज्याला जे परवडतं ते त्याने करावं, संध्याकाळी अमुक ठिकाणी भेटू. कुणाला वाईट वाटलं नाही.

---

एक_आई
१६ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:०५

हिशेबनीस, वाईट वाटलं नाही असं तुम्हाला वाटतं. ज्याला वाटलं असेल तो सांगेल का?

माझा मुलगा दीड वर्षापासून तिकडे आहे. फोन केला की "सगळं मस्त आहे आई" एवढंच. गेल्या दिवाळीत त्याचा मित्र घरी आला होता, त्याच्याकडून कळलं की शेवटच्या आठवड्यात हा दोन वेळा नुसता पास्ता खातो. आम्ही पाठवू शकतो हो थोडे, पण तो मागत नाही. धाग्यातली ब्रेडची पिशवी वाचून मी उठून गेले. परत येऊन उरलेलं वाचलं.

कृष्णाकाठची, तुझ्या त्या मैत्रिणीला माझ्याकडून शाबासकी सांग.

---

कृष्णाकाठची
१६ ऑक्टोबर २०२४, दुपारी १:३०

एक_आई, सांगते. तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

हिशेबनीसकाका, तुमचा मुद्दा आमच्यातही निघाला होता. म्हणून शनिवारी चार ते सात ही वेळ मोकळी ठेवली होती. ज्याला स्वतःच्या पैशांनी काही करायचं असेल त्याने करावं, कुठे गेलो ते सांगायची सक्ती नाही. एक जण कुठल्याशा संग्रहालयात गेला, दोघं नदीकाठी बसून होती, मी एक जुनं पुस्तकांचं दुकान धुंडाळलं. नियम एवढाच, की जेवण, झोप आणि प्रवास एकत्र आणि लहान आकड्यात. कारण माणूस एकटा पडतो तो जेवायच्या वेळेला. मनोऱ्यावर कोण चढलं नाही ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

वाटाड्या, रेल्वेचं कारण नदी. प्रागहून देचीनपर्यंतची गाडी निम्म्या वाटेनंतर एल्बेच्या काठाने जाते. देचीनला उतरून छोटी गाडी बाड शांडाऊपर्यंत, तिथून एस-बान (उपनगरी रेल्वे) ड्रेस्डेनला. साडेतीन तास लागले, बसपेक्षा दीड तास जास्त. पण दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे उभे कडे आणि मधून नदी असा रस्ता आहे तो.

आणि देचीनला थांबायला लातूरकराने सांगितलं होतं. तिथे नदीच्या पात्रात काठालगत एक दगड आहे, त्याला भुकेचा दगड म्हणतात. दुष्काळात पाणी खाली गेलं की तो उघडा पडतो. लोकांनी त्या त्या दुष्काळाची सालं त्यावर कोरून ठेवली आहेत, वाचता येतं त्यांतलं सगळ्यांत जुनं १६१६. आणि जर्मनमध्ये एक ओळ आहे: "मी दिसलो, तर रड."

आम्ही गेलो तेव्हा दगड दिसला नाही. सप्टेंबरात पूर येऊन गेला होता, पाणी भरपूर होतं. आम्ही पुलावरून नुसतं पाण्याकडे बघितलं. लातूरकर म्हणाला, बरं झालं नाही दिसला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं तेव्हा तो शाळेत होता. मीही शाळेत होते, आमच्या स्टेशनवर त्या लाल वाघिणी भरताना बघायला आम्ही सायकलवरून गेलो होतो. वर्षभराची आमची ओळख, पण हे बोलणं झालं ते देचीनच्या पुलावर. तो म्हणाला, तुमच्या गावचं पाणी प्यायलोय मी.

यासाठी दीड तास जास्त गेला. पुन्हा गेले तरी रेल्वेनेच येईन.

---

प्रागवासी
१६ ऑक्टोबर २०२४, संध्याकाळी ६:५०

धागा वाचून आनंद झाला. मी इथे नऊ वर्षं आहे. तुम्ही मंडळी स्वस्तात आणि नीट फिरलात.

काही भर घालतो, पुढे येणाऱ्यांना उपयोग होईल.

पहिलं म्हणजे पैसे बदलणं. जुन्या शहराच्या चौकाजवळ "कमिशन शून्य" अशा पाट्या दिसतात. कमिशन नसतं, पण भाव इतका पडका असतो की पन्नास युरोंत पाचेकशे कोरुना सहज कमी मिळतात. शक्यतो कार्डच वापरा. एटीएमने "तुमच्या चलनात रूपांतर करू का" असं विचारलं तर नाही म्हणा, रूपांतर बँकेला करू द्या. फसलात तरी एप्रिल २०१९ पासून कायदा आहे: हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. पावती टाकू नका.

दुसरं, चौकात निखाऱ्यावर भाजतात तो साखरेचा गोल पाव, त्रदेल्निक. "प्राचीन चेक पदार्थ" म्हणून विकतात. इथल्या लोकांच्या घरी तो कधी नव्हता, गेल्या काही वर्षांत पर्यटकांसाठी आला. गोड खायचं तर साध्या बेकरीत जाऊन कोलाच घ्या, खसखशीचं किंवा आलुबुखाऱ्याचं सारण असतं.

तिसरं, हे मनापासून सांगतो. देयवित्से भागात, तंत्रविद्यापीठाला लागून एक रस्ता आहे, थाकुरोवा. म्हणजे ठाकुरांचा रस्ता, रवींद्रनाथ ठाकुरांचा. त्यांचा अर्धपुतळाही तिथे आहे. रवींद्रनाथ १९२१ आणि १९२६ मध्ये प्रागला आले होते. इथल्या चार्ल्स विद्यापीठात व्हिंसेंत्स लेस्नी नावाचे भारतविद्येचे प्राध्यापक होते, ते मूळ बंगालीतून त्यांचं साहित्य चेकमध्ये आणत. ते शांतिनिकेतनात शिकवूनही आले. मी पहिल्यांदा आलो तेव्हा भाषा येत नव्हती, काम नीट जमत नव्हतं. एकदा ट्राममधून त्या पाटीवर नजर गेली आणि मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत गेलो. काही करायचं नव्हतं, नुसतं पाटीपाशी उभं राहायचं होतं. पुढच्या वेळी जरूर जा.

रेल्वेबद्दल: २६ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना चेक गाड्यांत निम्मं तिकीट आहे, आयसिक कार्ड (आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र) जवळ ठेवा.

---

कृष्णाकाठची
१६ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:१५

प्रागवासी, मनापासून आभार. थाकुरोवा माहीत असतं तर पायी गेलो असतो.

आयसिक चौघांकडेही होतं, म्हणूनच १७० कोरुनांत परत आलो.

आणि पैसे बदलण्याच्या बाबतीत तुम्ही लिहिलंत तेच आमच्या बाबतीत घडलं, धाग्यात लिहायचं राहिलं. नाशिककराने पन्नास युरो दिले, हातात आले नऊशेहून कमी. तो पांढराफटक पडला. तिथेच रांगेत उभ्या असलेल्या एका चेक मुलीने इंग्रजीत सांगितलं, पावती दाखवा आणि रद्द करा म्हणा, त्यांना करावंच लागतं. तो परत खिडकीशी गेला. आतल्या माणसाने दोनदा मान हलवली. आम्ही चौघेही खिडकीपाशी उभे राहिलो, आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पैसे परत मिळाले. ज्याचा सगळा आकडा ऐंशीचा आहे त्याला त्यातले चौदा-पंधरा युरो असे जाणं म्हणजे एक रात्र जाणं.

---

नाटकवेडी
१६ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:४०

प्रागला जाऊन नाटकघराबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

नदीकाठचं ते सोनेरी छपराचं राष्ट्रीय नाट्यगृह लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. १८८१ मध्ये उघडलं आणि काही आठवड्यांतच आगीत जळालं. लोकांनी पुन्हा वर्गणी काढली आणि १८८३ मध्ये ते परत उभं केलं. रंगमंचावरच्या कमानीवर लिहिलंय: ‘नारोद सोबे’. राष्ट्राने स्वतःसाठी. वर्गणीतून नाटक उभं करणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला ते दोन शब्द पुरतात.

सगळ्यांत वरच्या गॅलरीतली तिकिटं स्वस्त असतात. मी तिथून ऑपेरा बघितला, मान दुखली, पण दिवे लागल्यावर ती कमान वाचली. मोत्सार्टचा ‘डॉन जोव्हान्नी’ हा ऑपेरा पहिल्यांदा झाला ते इस्टेट्स नाट्यगृहही प्रागमध्येच, ऑक्टोबर १७८७. हिशेबनीस म्हणतात त्यात मला तथ्य वाटतं. अशा एका तिकिटासाठी लहान आकड्यात थोडी जागा हवी.

---

कोकणकडा
१७ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९:२०

सरहद्दीवर तपासणी झाली का? आम्ही डिसेंबरमध्ये पाच जण जाणार आहोत, लाइपझिगहून. एकाचा पासपोर्ट दिल्लीच्या कामासाठी कुरिअरने पाठवायचा आहे. नुसतं रेसिडेन्स कार्ड चालेल का?

---

कृष्णाकाठची
१७ ऑक्टोबर २०२४, दुपारी १२:५०

कोकणकडा, नाही. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ हवेत. शेंगेन (युरोपातल्या देशांचा खुल्या सरहद्दींचा करार) आहे म्हणून सरहद्द नाही असं समजू नका. जर्मनीने चेक सरहद्दीवर ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा तपासणी सुरू केली आहे.

हे मी अनुभवाने सांगतेय. आमच्या चिपळूणच्या मैत्रिणीने पासपोर्ट हरवायला नको म्हणून खोलीतच ठेवला होता, फक्त कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स घेतली होती. जाताना कुणी विचारलं नाही. येताना बाड शांडाऊला पोलीस डब्यात चढले. तिला खाली उतरवलं, आम्हीही तिच्यामागे उतरलो. पोलिसांनी नाव-नंबर तपासले, फोन केले, पुढच्या वेळी पासपोर्ट बरोबर ठेवा असं समजावलं आणि सोडलं. चाळीस मिनिटं लागली. पण थंडीत त्या फलाटावर ती चाळीस मिनिटं तिने माझा हात सोडला नाही. सगळी कागदपत्रं खरी असूनही माणूस किती घाबरतो ते मी तेव्हा पाहिलं.

तुमच्या मित्राचा पासपोर्ट परत येईपर्यंत त्याने जर्मनीबाहेर पाऊल टाकू नये. त्याच्यासाठी तारीख पुढे ढकला, पण त्याला एकट्याला मागे ठेवून जाऊ नका.

नाटकवेडी, तुमचा प्रतिसाद चौघांना वाचून दाखवला. पुढच्या वेळी आधी गॅलरीचं तिकीट धरून मगच बाकीचं मांडायचं असं ठरलंय. पिठलं दोन्ही रात्री करू.

---

हिशेबनीस
१७ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:३०

कालपासून विचार करतोय. आखेनच्या आमच्या गटातला एक मित्र "अभ्यास आहे" म्हणून तीन-चार सहलींना आला नव्हता. आम्ही त्याला अभ्यासू म्हणायचो. आज इतक्या वर्षांनी त्याला फोन केला आणि सरळ विचारलं. तो म्हणाला, "तुला आज सुचलं का रे विचारायला?" मग आम्ही तासभर बोललो.

मोकळ्या तीन तासांची तुमची सोय चांगली आहे. ती ठेवली तर मला चिठ्ठ्या मान्य आहेत.

---

एक_आई
१७ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:१०

हिशेबनीस, फोन केलात ते फार बरं केलंत.

---

कोकणकडा
२० ऑक्टोबर २०२४, संध्याकाळी ७:४५

आम्हीही चिठ्ठ्या टाकल्या. पाच जण, सगळ्यांत लहान आकडा ३० निघाला. थोडा वेळ खोलीत शांतता होती. ३० मध्ये प्राग होत नाही. आता डॉइचलांड-टिकिटावर एका दिवसात जाऊन येता येईल असं ठिकाण शोधतोय. पासपोर्टवाला मित्रही तोवर मोकळा होईल. सुचवा काही.

---

कृष्णाकाठची
२० ऑक्टोबर २०२४, रात्री ८:३०

ग्योर्लित्स. लाइपझिगहून ड्रेस्डेनमार्गे पूर्ण प्रवास त्याच टिकिटावर होतो. महायुद्धात बॉम्बमधून वाचलेलं गाव आहे, जुनी घरं आणि चौक जसेच्या तसे. गावातून नाइसे नदी जाते, तिच्यावर पायी ओलांडायचा पूल आहे आणि पलीकडचा काठ म्हणजे पोलंडमधलं झ्गोझेलेत्स. १९४५ पर्यंत दोन्ही मिळून एकच गाव होतं. पलीकडे पिएरोगी खा, बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण असलेले मिळतात, शाकाहारी मंडळींचं पोट भरतं.

सकाळी लवकरची गाडी धरून ड्रेस्डेनला उतरा. स्टेशनवर मी येते, पाच जणांचे डबे घेऊन. मेतकूट-भात चालेल ना सगळ्यांना? आणि पूल ओलांडायच्या आधी पाचही पासपोर्ट मोजा.